उरलेल्या गोळ्यांचा डबा

गेकलानच्या घरात देव्हाऱ्याखालच्या फळीवर बिस्किटांचा एक निळा पत्र्याचा डबा असे. चाओचौ गावातल्या त्या चिंचोळ्या गल्लीत सगळ्यांचं एकमत होतं, की वरच्या देवापेक्षा खालचा डबा लवकर पावतो.

डब्यात गोळ्या होत्या. कुणाचा घसा धरला, डॉक्टरनं आठवडाभराच्या गोळ्या लिहून दिल्या, दोन दिवसांत बरं वाटलं, की उरलेल्या गोळ्या गेकलानच्या डब्यात येत. चांगली वस्तू टाकून देणं म्हणजे पाप, हे आमच्याकडे आईच्या दुधाबरोबर शिकवतात. मग दुसऱ्या कुणाची हिरडी सुजली, की त्याच गोळ्या त्याच्या पोटात जात. कुणाला त्यांची नावं माहीत नव्हती. अर्धी लाल अर्धी पिवळी ती सूज उतरवायची, आणि पांढरी कडू ती खास दाताची. एवढ्या ज्ञानावर सगळी गल्ली चालली होती.

गेकलानला लोक योह-सिम म्हणत, म्हणजे औषधाची काकू. तरुणपणी ती चिनीमातीच्या कारखान्यातल्या दवाखान्यात कामाला होती. सुया उकळायच्या, पुड्या बांधायच्या, डॉक्टर जेवायला गेला की खुर्चीत बसून पाहायचं. कारखाना बंद पडला, डॉक्टर गेला, पण ती खुर्ची काही तिच्या मनातून उठली नाही. अर्ध्या हळकुंडानं पिवळी झालेली बाई, असं कुणी म्हणेल तर म्हणो; पण आजाऱ्याच्या घरी पेज घेऊन तीच जायची, आणि गोळ्यांचा एक छदामही तिनं कधी घेतला नाही. तिला हवं होतं ते एवढंच, की दारात कुणी यावं आणि विचारावं, "योह-सिम, जरा बघता का हो?" हे विचारलं की तिची पाठ आपोआप ताठ होई.

तिचा नवरा बुनखिम तिच्या अगदी उलट. जन्म भट्टीवर गेला, त्यामुळे बोलणं जवळजवळ नाहीच. जे काही सांगायचं ते तो सनईतून सांगायचा. आमची सनई आखूड, पितळी तोंडाची. तिचा आवाज तीन गल्ल्या ओलांडून जातो. यंदा नववर्षाच्या पहिल्या महिन्यातल्या देवाच्या मिरवणुकीत पुढे चालायचा मान आमच्या गल्लीचा होता. तो किती वर्षांनी आला, याबद्दल म्हाताऱ्यांत भांडणं आहेत. मान म्हणजे काय, तर देवळातून देवाची पालखी उचलायची ती सनईच्या पहिल्या सुरावर. सूर निघाल्याशिवाय खांदे लागत नाहीत. मागच्या खेपेला बुनखिम काळ्या केसांचा होता आणि गुरूच्या मागे तिसरा उभा होता. आता गुरू नाही, दुसराही नाही. सूर त्याचाच.

आणि नेमका त्याचा वरचा पुढचा दात ठणकायला लागला.

तो दात जुनाच दुखणाईत. कधी तरी भट्टीच्या दाराचा मार बसून राखाडी पडलेला. उन्हाळ्यात पहिल्यांदा हिरडीवर फोड आला तेव्हा गेकलाननं जीभ बघितली आणि निदान केलं.

"उष्णता. रात्री शेंगदाणे खातोस ना तळलेले? भोग."

"चारच खाल्ले."

"चार मुठी. मला नको सांगूस, सालं मी झाडते."

तिनं कडू पाल्याचा काढा पाजला आणि डब्यातल्या लाल-पिवळ्या गोळ्या दिल्या. फोड बसला, गोळ्या बंद. पुढच्या महिन्यात पुन्हा आला, पुन्हा दिल्या, पुन्हा बंद. "बरं वाटल्यावर औषध घेणं म्हणजे पोट भरल्यावर जेवणं," ती म्हणायची, आणि ऐकणाऱ्याला हे पटायचं. पटण्यासारखंच होतं ते.

हिवाळ्यात मात्र बुनखिम न सांगता एकटाच दातांच्या इस्पितळात जाऊन आला. तिथे डॉक्टर क्वा म्हणून एक तरुण मुलगी होती. तिनं रूट कॅनाल सुरू केलं, दाताची पोकळी धुतली, आत औषध भरलं, वर तात्पुरतं सिमेंट लावलं. गोळ्या दिल्या, सगळ्या संपवायला सांगितल्या, आणि पुढची तारीख दिली. ठणका त्या रात्रीच थांबला.

गेकलानला राग आला. दाताचा नाही, न सांगता गेल्याचा. गल्ली माझ्याकडे येते आणि हा घरातला उठून परक्या पोरीकडे जातो! तिनं त्याच्या हातातल्या गोळ्यांची पाकिटं घेतली, दोन-तीन त्याच्यासाठी ठेवली आणि बाकीची डब्यात टाकली.

"संपवायला सांगितल्यात," बुनखिम म्हणाला.

"दुखतंय का?"

"नाही."

"मग कुणासाठी संपवतोस? डॉक्टरसाठी?"

पुढच्या तारखेला घरात नववर्षाची झाडझूड निघाली होती. बरी झालेली गोष्ट पुन्हा उकरायची कशाला, असं ती म्हणाली, आणि तो गेला नाही. नववर्षाच्या जेवणात ते सिमेंट निघून आलं. त्यावरही योह-सिमकडे इलाज होता. कारखान्यातला बारीक चिमटा तिनं अजून जपून ठेवला होता. तिनं कॅप्सूल उघडली, आतली भुकटी दाताच्या भोकात ठासली आणि वर कापसाचं बोंड बसवलं. आमच्याकडे बऱ्याच घरांत हे करतात, पण तिच्याइतकं सफाईनं कुणी नाही. शेजारची सिऊती तेव्हा चहाला बसली होती. ती म्हणालीसुद्धा, "गेक-चे, तुझ्या हाताला इस्पितळाची सर आहे गं." चे म्हणजे ताई. गेकलाननं चिमटा पुसता पुसता "छे गं" म्हटलं, पण ते वाक्य तिला दिवसभर पुरलं.

त्यानंतर काही दिवसांतच बुनखिमचा वरचा ओठ सुजला. मग गाल. मग डोळा मिटला. तिनं गोळ्या दिल्या, एकीच्या दोन केल्या, दोनांच्या तीन. सूज आपली वरच चढत राहिली. ताप भरला तेव्हा तिचा हात पहिल्यांदा डब्यावर अडखळला. याच गोळ्या, हाच माणूस, आणि आज काहीच होत नव्हतं. चुकून परक्या घरात शिरावं तशी ती डब्याकडे बघत राहिली. मग तिनं तीनचाकी बोलावली.

इस्पितळात डॉक्टर क्वानं ओठाच्या आतून चीर देऊन पू काढला, थोडा एका नळीत भरून तपासायला पाठवला, आणि दंडाला सलाइन लावलं. मग दिव्याखाली दात बघताना तिचा हात थांबला. चिमट्यानं तिनं भिजलेला कापूस बाहेर काढला. त्याला पिवळट लगदा चिकटला होता.

"आकोंग, हे काय आहे?"

आकोंग म्हणजे आजोबा. आजोबांचं तोंड उघडंच होतं, त्यांना बोलता येत नव्हतं.

"हे कोणी केलं?"

गेकलान पलंगाच्या पायथ्याशी गरम पाण्याचा थर्मास धरून उभी होती. उत्तर तिच्या जिभेवर होतं. पण खोलीत बाकीचे रोगी होते, त्यांच्या सुना होत्या, आणि खिडकीजवळच्या पलंगावर मागच्या गल्लीतला तांदूळवाला होता, ज्याला तिनं बिघडलेल्या पोटासाठी कित्येकदा गोळ्या दिल्या होत्या. तिची दातखीळ बसली.

बुनखिमनं डॉक्टरचा हात हळूच बाजूला केला. सुजलेल्या ओठातून शब्द नीट निघेनात, पण तो बोलला.

"मी. मीच केलं."

"आणि गोळ्या? मी दिलेल्या सगळ्या घेतल्यात?"

"नाही. ठेवल्या. मीच."

मग त्या मुलीनं त्याला असं झापलं, की खोलीतल्या सुनांनी पण खाली बघितलं. एवढं वय झालं, तारीख दिली तर येता येत नाही? औषध म्हणजे काय लोणचं आहे, बरणीत घालून ठेवायला? दातात भुकटी कोंबायला दात म्हणजे उंदराचं बीळ का? तिचा आवाज चढला होता, कारण ती घाबरली होती. डोळ्यापर्यंत गेलेली सूज मेंदूकडे जाऊ शकते हे तिला माहीत होतं. बुनखिम लहान मुलासारखा मान हलवत होता. "चुकलं," म्हणत होता. "परत नाही करणार."

गेकलान थर्मास धरून उभी राहिली. तिला मेल्याहून मेल्यासारखं झालं, आणि तरी ती बोलली नाही. पुढे ती स्वतःला अनेकदा विचारणार होती, की त्या क्षणी आपल्याला कुणी धरून ठेवलं होतं का. कुणीच नव्हतं.

तपासणीचा निकाल आला तेव्हा डॉक्टर शांत झाली होती. तिनं दोघांना बाहेरच्या बाकावर बसवून सांगितलं.

"तुमच्या दाताच्या मुळात जे जंतू आहेत, त्यांच्यावर नेहमीची औषधं चालत नाहीत. त्यांच्यात तसं जनुक सापडलंय. जनुक म्हणजे, समजा, एक युक्ती. औषध आलं की त्याचे तुकडे पाडायची युक्ती."

"कुठून शिकले?" बुनखिमनं विचारलं.

"थोडं औषध देऊन थांबलं की दुबळे जंतू मरतात, युक्तीवाले उरतात. पुन्हा थोडं दिलं की तेच वाढतात. आणि आकोंग, वाईट गोष्ट अशी की ही युक्ती ते आपल्यापुरती ठेवत नाहीत. शेजारच्या जंतूला देतात. शेजारी दुसऱ्या जातीचा असला तरी देतात. तोंडात तर दाटीच असते. शिवाय एका तोंडातून दुसऱ्या तोंडात जायला त्यांना काय लागतं?"

गेकलान बाकावर बसून ऐकत होती. शेजारच्याला देतात. उरलेलं फुकट जाऊ देत नाहीत. तिच्या डोळ्यांपुढे निळा डबा आला, आणि त्यापुढे एकेक करून दारं येत गेली. सिऊतीचं, तांदूळवाल्याचं, कोपऱ्यावरच्या शिंप्याचं. सिऊतीच्या नातीचं, जिला तिनं गोळी चमच्यात कुस्करून मध घालून दिली होती. पोरीनं तोंड वाकडं केलं तेव्हा ती हसली होती.

दुसऱ्या, भारी इंजेक्शनांनी बुनखिम वाचला. दात वाचला नाही. मुळाभोवतीचं हाड पोखरलं होतं. डॉक्टरनं बोटानं हलवला तर तो हातात आला. तिथे नवा बसवायचा तर आधी हाड भरायला हवं, आणि हाडाला मिरवणुकीची तारीख कळत नाही. घरी आल्यावर त्यानं एकदा सनईची पत्ती ओठांत धरून बघितली. खिंडारातून नुसती हवा गेली. त्यानं सनई फडक्यात गुंडाळली, पेटीत ठेवली आणि चहाचं पाणी चढवायला उठला. गेकलान मोरीत जाऊन नळ सोडून रडली.

तांदूळवाला अजून इस्पितळातच होता; गल्लीनं विचारलंच. दात कसा गेला? बुनखिमनं उत्तर तयार ठेवलं होतं.

"खेकडा. नांगी फोडत होतो दातानं."

मग काय, लोकांना चघळायला हाडूक मिळालं. आमच्या गल्लीला हसायला निमित्त लागत नाही आणि हे तर आयतं. देवाचा मान एकीकडे आणि म्हाताऱ्याची जीभ एकीकडे! "खिम-पे, यंदा देवाला खेकड्याच्या खांद्यावर बसवू या का?" असं शिंपी येता-जाता विचारी. पे म्हणजे काका, पण त्या सुरात मान नव्हता. पोरं त्याला बघून दोन बोटांची नांगी करत. दुसऱ्या गावचा सनईवाला बोलवावा लागला, ती नामुष्की सगळ्या गल्लीची झाली आणि तिचं खापर बुनखिमच्या हावरटपणावर फुटलं. तो कुणाला उलटून बोलला नाही.

रात्री गेकलान म्हणाली, "म्हाताऱ्या, मी सांगते सगळ्यांना."

"काय सांगतेस?"

"खरं."

"कशाला? आपलेच दात, आपलेच ओठ. माझं तोंड गेलंच आहे. तुझंही घालवायचं?"

तो तिच्यावर रागावला असता तर तिला बरं वाटलं असतं. तिनं झाकली मूठ झाकलीच ठेवली, आणि त्या मुठीत तिचा स्वतःचाच जीव घुसमटत राहिला. कारण झालं काय, की नवरा हसं झाला आणि डबा होता तसाच मानाचा राहिला. लोक येतच होते. कुणाला ती म्हणे संपल्या, कुणाला म्हणे जुन्या झाल्यात. चोराच्या मनात चांदणं. सिऊती तर बुनखिम इस्पितळातून आल्याच्या दुसऱ्याच दिवशी विचारून गेली, "खिम-पेंच्या उरल्या असतील ना गं भारीतल्या? टाक डब्यात, वाया नको जायला."

मिरवणुकीच्या दिवशी सकाळी गल्ली धुऊन काढली होती, दारोदारी लाल कागद, अगरबत्त्यांचा धूर. बायका गेकलानच्या अंगणात तांदळाच्या पिठीचे लाल क्वे उकडत होत्या, कारण तिची चूल मोठी. सिऊती शेवटी आली. गालाला ओला रुमाल, आणि रुमालाखाली गाल केवढा तरी.

"गेक-चे, लवकर. दाढेनं रात्रभर जीव खाल्ला. दोन लाल-पिवळ्या दे, आणि ती भुकटी पण कोंब. खिम-पेंना केलीस तशी."

"नाहीत गं माझ्याकडे."

"नाहीत कशा? डबा तो काय!" असं म्हणून शिंप्याच्या बायकोनं आत जाऊन डबा काढलासुद्धा. हलवला. डबा खुळखुळला. सगळ्या बायका थांबून बघायला लागल्या.

"घरच्यासाठी ठेवल्या असतील," कुणी तरी म्हणालं.

गेकलानचे हात पिठीनं माखले होते. ते तिनं पुसले नाहीत.

"खेकड्यानं नाही गेला त्यांचा दात," ती म्हणाली. "मी घालवला. डॉक्टरच्या गोळ्या मी खाऊ दिल्या नाहीत. परत जाऊ दिलं नाही. भुकटी मी कोंबली. उन्हाळ्यापासून अर्धीमुर्धी औषधं देऊन देऊन मी ते जंतू पोसले, आणि मग औषध चालेना. सिऊती, तुझ्या नवऱ्यालाही तेच दिलंय मी. तुझ्या नातीलाही."

सिऊतीनं रुमाल गालावरून काढला.

"पोरीला? तू तर म्हणालीस, काही होत नाही म्हणून. मध घालून दिलीस."

"म्हणाले होते."

"मी तुला हात जोडले होते गेक-चे. देवाला जोडतात तसे."

बायका एकमेकींकडे बघत क्वे उलटे-सुलटे करू लागल्या. इतक्यात दारातून आवाज आला. बुनखिम सणाचा निळा झगा घालून उभा होता. सनईऐवजी त्याला झांज दिली होती.

"इतके दिवस गल्लीनं मला हावरट म्हटलं," तो बायकोला म्हणाला. "ते काय फुकट गेलं माझं?"

"फुकट गेलं," गेकलान म्हणाली. "उद्यापासून मला म्हणू देत."

देवळाकडून पडघम सुरू झाले तसा तो वळला आणि निघून गेला. जाताना त्याच्या डाव्या हाताची बोटं झांजेच्या काठावर हलत होती, सनईच्या भोकांवर हलतात तशी. त्याला ते कळत नव्हतं. तिला कळलं.

तिनं हात धुतले, डबा काखेत घेतला आणि सिऊतीचा दंड धरला.

"चल. इस्पितळात."

"आज? देव निघायचाय! माझे क्वे..."

"चल म्हणते ना."

"सोड मला. तुझ्याबरोबर नाही जायचं मला कुठे," सिऊती म्हणाली, पण दाढेनं कळ मारली आणि ती तीनचाकीत चढली. सगळी गल्ली देवळाकडे लोटली होती आणि या दोघी उलट्या दिशेनं. परक्या सनईवाल्याचा पहिला सूर निघाला, पालखी उठल्याचा ओरडा झाला. गेकलाननं मागे वळून पाहिलं नाही. खड्डा आला की मांडीवरचा डबा खुळखुळे, आणि सिऊती तोंड फिरवून बसे.

डॉक्टर क्वानं सिऊतीला खुर्चीत बसवलं, दाढ पाहिली, सुई तयार करायला नर्सला सांगितलं. मग तिचं लक्ष डब्याकडे गेलं. झाकण उघडून तिनं आत बघितलं. रंगीबेरंगी, अर्धी कापलेली पाकिटं, काही तिच्याच इस्पितळाची.

"आमा, हे कोणाचं आहे? सनईवाल्या आकोंगचं?" आमा म्हणजे आजी.

"माझं."

"म्हणजे त्यांचं..."

"त्यांचं काही नाही. कापूस माझा, भुकटी माझी. तेव्हा मी इथेच उभी होते, थर्मास घेऊन."

डॉक्टरनं झाकण सावकाश लावलं. तिला आठवत होतं, हे तिच्या चेहऱ्यावर दिसत होतं. म्हाताऱ्या बाईच्या केसांना तांदळाची पिठी लागली होती.

"बसा आमा. आधी यांचं बघते."

"नाही, उभीच राहते." गेकलाननं दोन्ही हात पोटाशी धरले. खुर्चीतून सिऊती उघड्या तोंडानं तिच्याकडे बघत होती. "त्या दिवशी त्यांना जे जे बोललात ना, ते मला बोला. सगळं. पहिल्यापासून."